कर नाही त्याला डर कशाला?

मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. चार फेऱ्या मारायच्या असं ठरवायचं, दोन मारायच्या, आणि उरलेला वेळ बाकावर बसून देशाचा कारभार चालवायचा. बँकेतले, एस.टी.तले, वीज मंडळातले असे सगळे निवृत्त. मास्तरीण मी एकटीच. परवा पेपरात कुठल्याशा धाडीची बातमी होती. कोणाचं काय सापडलं याची चर्चा रंगली. मी म्हटलं, "अहो, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही." त्यावर आमचे बँकवाले लगेच म्हणाले, "बाई, तुम्हीच शिकवलंत ना? कर नाही त्याला डर कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

त्यांचा संपला, माझा नाही. पस्तीस वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला. ही म्हण वाक्यात उपयोग करायला किती वेळा दिली असेल याची गणती नाही. मुलं हमखास घसरायची. 'कर' म्हणजे टॅक्स समजून "ज्याला टॅक्स नाही त्याला भीती नाही" असं लिहायची! मग मी समजावायची की बाळांनो, इथे कर म्हणजे केलेलं कृत्य. ज्यानं काही केलेलं नाही त्यानं भ्यायचं कारण नाही.

म्हण चांगलीच आहे. पण ती म्हणायची कोणी? ज्याच्यावर आळ आला आहे त्यानं. तो छाती पुढे काढून म्हणतो, घ्या माझी झडती. हल्ली मात्र आळ घेणारा आणि बाकावर बसून बातमी वाचणाराच ती म्हणायला लागला आहे. म्हणीचा अर्थ तिथेच फिरतो.

एक अनुभव सांगते. माझी सगळी नोकरी धुळ्याला झाली, आता मुलाकडे जळगावला असते. धुळ्यात माझा एक जुना विद्यार्थी किराण्याचा होलसेल व्यापार करतो. काही वर्षांपूर्वी सकाळी सातला त्याच्या घराची बेल वाजली. कर खात्याचे लोक होते. कोणतं खातं, कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, माझं भांडण एका ऑफिसशी नाही. सगळ्यांचे मोबाइल टेबलावर ठेवून घेतले. कपाटं, माळा, देवघराखालचा कप्पा, पिठाचे डबे, सगळं उघडून झालं. रात्री साडेअकराला मंडळी गेली, जाताना तीन वर्षांच्या वह्या आणि कॉम्प्युटर घेऊन गेली. त्याआधी त्यानं एका जबाबावर सही केली. जबाब इंग्रजीत टाइप केलेला होता. हा मुलगा दहावीला माझ्याकडे मराठीत पहिला आलेला, इंग्रजीत कसाबसा पास झालेला!

त्याची बायको मला म्हणाली, "बाई, डाळीचे डबे परातीत ओतून पाहिले त्याचं काही नाही. पण पंच म्हणून शेजारच्या काकांना बसवलं होतं. त्यांच्यासमोर माझं कपाट उघडलं. आता ते जिन्यात भेटले तरी मला खाली बघावंसं वाटतं."

वह्या आठ महिन्यांनी परत आल्या. शेवटी जो फरक निघाला तो वकिलाच्या फीपेक्षाही कमी होता. पण बाजाराला फरकाशी काय देणंघेणं? "त्याच्याकडे काहीतरी सापडलं म्हणे," एवढं पुरतं. ज्यांच्याकडून पंधरा पंधरा दिवसांच्या उधारीवर माल यायचा त्यांनी रोख मागायला सुरुवात केली. मी भेटायला गेले तेव्हा पैशांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, त्या का बरं उनात, हाईच माले आजपर्यंत समजनं नही."

ते का आले होते, हेच मला अजून कळलेलं नाही! हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कोणी म्हणेल, बाई व्यापाऱ्यांची वकिली करायला लागल्या. अजिबात नाही. आम्हा मास्तर लोकांचा कर पगारातूनच कापला जायचा. हातात येण्याआधीच सरकारचा वाटा गेलेला. शेजारचा दुकानदार माझ्या दसपट कमवायचा आणि माझ्याहून कमी कर भरायचा, तेव्हा माझाही जळफळाट व्हायचा. लबाडी करणारे आहेत आणि ते काही पत्र पाठवून वह्या दाखवणार नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये जालन्याला प्राप्तिकर खात्याच्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावून शिरल्या होत्या. सुमारे ५६ कोटींची रोकड आणि ३२ किलो सोनं मिळाल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. अशा ठिकाणी आधी नोटीस पाठवा म्हणणं हा भाबडेपणा झाला. अचानक जाण्याचा अधिकार सरकारला हवाच.

माझा प्रश्न जाण्याबद्दल नाही. गेल्यानंतर, सगळं उलथंपालथं करून झाल्यानंतर, का आलो होतो ते न सांगण्याबद्दल आहे.

कायदा काय म्हणतो ते मी वाचून काढलं. काही भाच्याकडून समजून घेतलं, तो वकिली करतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम १३२ हे धाडीचं कलम. धाड घालण्याआधी अधिकाऱ्याकडे 'विश्वास ठेवण्यास कारण' हवं, ही त्यातली मुख्य अट. नुसता संशय चालत नाही. आणि हे कारण पारखतं कोण? पोलिसांना बहुतेक वेळा झडतीचं वॉरंट न्यायाधीशाकडून आणावं लागतं. इथे तसं नाही. खात्याचाच वरिष्ठ अधिकारी कारण लिहितो आणि खात्याचेच लोक निघतात. म्हणजे पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकाच घरचा! त्यामुळे ते लिहिलेलं कारण कोणीतरी बाहेरच्यानं कधीतरी वाचणं, हाच काय तो आधार होता. सेठ ब्रदर्सच्या १९६९ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की हा विश्वास प्रामाणिक हवा, आणि तो तसा नसेल तर कोर्ट हस्तक्षेप करील.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. नागपूरच्या स्पेसवुड या फर्निचर कंपनीवर धाड पडली. नागपूर खंडपीठानं ती बेकायदा ठरवली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला, खात्याची बाजू धरली. पण कारणं फाइलवर लिहिलेली असलीच पाहिजेत, आणि आव्हान दिलं तर ती हायकोर्टापुढे ठेवावी लागतील, हेही सांगितलं. खातं जिंकलं, तरी कारण कागदावर राहिलं.

आणि मग १ फेब्रुवारी २०१७ चं बजेट आलं. त्या वर्षीच्या वित्त कायद्यानं कलम १३२ ला एक स्पष्टीकरण जोडलं. हे लिहिलेलं कारण कोणत्याही व्यक्तीला, कोणत्याही प्राधिकरणाला किंवा अपिलीय न्यायाधिकरणाला सांगितलं जाणार नाही. आणि हा नियम कधीपासून? १ एप्रिल १९६२ पासून! पंचावन्न वर्षं मागे जाऊन. १९६२ साली मी प्राथमिक शाळेची पायरीही ओलांडली नव्हती. एखाद्या मुलानं परीक्षा झाल्यावर मागची सगळी प्रगतिपुस्तकं खोडून नवे आकडे लिहिले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. हायकोर्टात रिट केली तर न्यायाधीश खात्याची फाइल मागवून पाहू शकतात, हे खरं आहे. पण ज्याचं कपाट उघडलं त्याच्या हातात तो कागद येत नाही. धुळ्याच्या किराणा व्यापाऱ्यानं हायकोर्टात जायचं, वकील लावायचा, आणि का भांडतोय तेही माहीत नसताना भांडायचं?

गंमत बघा. त्याच २०१७ च्या २४ ऑगस्टला नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी झडतीच्या प्रश्नावर असा हक्क मानायला नकार दिला होता. ते मत पुसलं गेलं. एकाच वर्षात एका हातानं हक्क दिला आणि दुसऱ्या हातानं तो बजावायचं साधन काढून घेतलं.

आता दिवाणी दाव्यात काय होतं ते पाहा. खान्देशात बांधाचं भांडण नाही असं गाव दाखवा! समजा माझं शेजाऱ्याशी भांडण आहे. त्याच्याकडची खरेदीखतं मला बघायची आहेत. मी त्याच्या घरात घुसून ट्रंक उघडू शकते का? नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ११ आहे. त्याप्रमाणे मी नोटीस द्यायची, कोर्टाकडे अर्ज करायचा. समोरचा आपलं म्हणणं मांडतो, मग कोर्ट ठरवतं कोणता कागद दाखवायचा. जागा बघायची असेल तर कोर्ट कमिशनर नेमतं आणि तो दोन्ही पक्षांसमोर पाहणी करतो. मोजणीचा अर्ज केला तरी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. दोन शेतकरी चार हात बांधासाठी भांडतात तेव्हा एवढा न्याय. आणि एका बाजूला अख्खं सरकार उभं राहिलं की कारणसुद्धा सांगायचं नाही. बलवानावर जास्त बंधन हवं की कमी?

आणि कोर्टानं असं बंधन घातलेलंही आहे. आंध्र प्रदेशानं मुद्रांक कायद्यात दुरुस्ती केली होती. कलेक्टरनं नेमलेल्या कोणाही माणसाला कुठेही जाऊन कागद तपासता यावेत, नकला घेता याव्यात, अशी. कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ साली सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. खासगीपणा जागेचा नसतो, माणसाचा असतो, असं तेव्हा कोर्टानं म्हटलं. कागद बँकेत ठेवला म्हणून तो माझा असायचं थांबत नाही. मला हे फार पटलं.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. १८५२ मध्ये इंग्रजांची महसुलाची मोजणी खान्देशात सुरू झाली तेव्हा सावद्याला दहा ते पंधरा हजार लोक जमले होते. सैन्याची तुकडी येऊन म्होरक्यांना धरेपर्यंत ते हलले नाहीत. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्याची 'गंभीर गडबड' अशी नोंद आहे. वर्गात हे शिकवताना मुलं विचारायची, नुसत्या मोजणीला एवढं काय घाबरायचं? मी म्हणायची, साखळी जमिनीवर पडते, पण आकडा वहीत लिहिला जातो, आणि ती वही शेतकऱ्याच्या हातात नसते. भीती त्या वहीची. आज पावणेदोनशे वर्षांनी माझा विद्यार्थी त्याच वहीला घाबरतो.

आणि साखळीही आता लांब झाली आहे. नवा प्राप्तिकर कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. त्यात धाडीचं कलम २४७ आहे. कुलूप तोडण्याच्या जोडीला आता पासवर्ड ओलांडून 'आभासी डिजिटल जागेत' शिरण्याचा अधिकार आहे. ईमेल, समाजमाध्यमांवरची खाती, कुठेतरी क्लाउडवर ठेवलेले कागद, सगळं त्यात येतं. माझ्या मोबाइलमध्ये काय आहे? नातवाचे फोटो, बहिणीशी झालेल्या घरच्या कटकटी, डॉक्टरांचे रिपोर्ट. यातलं काहीही करचुकवेगिरीचं नाही. तरी ते परक्यानं वाचावं असं मला वाटत नाही. ही 'डर' नाही हो, ही अब्रू आहे. दोन्हींत फरक असतो, आणि आमचे बँकवाले रोज सकाळी तो विसरतात. कारण न सांगण्याची गुप्तता मात्र या नव्या कायद्यानंही सोडलेली नाही.

बरं, झाकून ठेवण्याची ही शिस्त सगळ्यांना सारखी असती तरी मी गप्प बसले असते. २१ मे २०२५ ला धुळ्यात काय झालं आठवतं? विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर आली होती. गुलमोहर विश्रामगृहातली १०२ नंबरची खोली समिती अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नावे होती. तिथे पैसे आहेत असं सांगत माजी आमदार अनिल गोटे दारासमोर बसून राहिले. सरकारी इमारत, सरकारी खोली, आणि ते कुलूप उघडायला काही तास लागले! रात्री उघडलं तेव्हा आत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये निघाले. ते कोणाचे हे ठरवणं तपासाचं काम, त्यासाठी विशेष पथक नेमलं गेलं, मी त्यात बोलणार नाही. मला दिसते ती फक्त दोन दारं. एक सकाळी सातला बेल वाजताच उघडावं लागणारं, आणि एक माणूस समोर ठाण मांडून बसल्यावरही रात्रीपर्यंत न उघडणारं. कर नाही त्याला डर कशाला ही म्हण दुसऱ्या दारासमोर कोणी म्हणत का नाही?

नियम नाहीत असं नाही. उलट चांगले नियम आहेत, पण ज्याच्यासाठी आहेत त्यालाच माहीत नाहीत. जळगाव म्हणजे सोन्याचं गाव, म्हणून बायकांना मुद्दाम सांगते. ११ मे १९९४ च्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेप्रमाणे विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने धाडीत जप्त करायचे नसतात. १० मार्च २००३ च्या पत्रात त्याच मंडळानं सांगितलंय की धाडीत जास्तीच्या उत्पन्नाची कबुली काढून घेण्यावर भर देऊ नका, पुरावा गोळा करा. जीएसटीच्या बाबतीत २५ मे २०२२ ला सूचना निघाली की झडती चालू असताना कर वसूल करायचा नाही. झडती झालेल्यांच्या हक्कांची एक सनदही प्राप्तिकर खात्यानं काढली आहे. त्यात मुलांना शाळेत जाऊ द्यावं असं लिहिलंय. कसं? दप्तर तपासून!

ते वाचलं आणि मी थांबले. कारण दप्तर मीही तपासलेलं आहे.

१९८६ साल असेल. आठवीचा वर्ग, सहलीचे गोळा केलेले १२० रुपये टेबलाच्या खणातून गेले. एका मुलीनं माझ्या कानात एका मुलाचं नाव सांगितलं. मी त्याला उभं केलं आणि काही न बोलता सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर टेबलावर उलटं केलं. काहीच निघालं नाही. "जा, बस," म्हटलं. तो चार दिवस शाळेत आला नाही. पुढे खेळाच्या सरांकडून कळलं की तो त्या तासाला मैदानावर कबड्डी खेळत होता. मी त्याला नुसतं सांगितलं असतं की मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला तू वर्गात एकटा होतास असं कळलंय, तर त्यानं तिथेच उत्तर दिलं असतं. कारणच सांगितलं नाही, तर उत्तर कशाचं देणार? पैसे शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्यामुळे दहावी होऊन जाईपर्यंत वर्गाच्या मनात तो चोरच राहिला. त्याची माफी मी मागितली नाही. तेव्हा वाटायचं, बाईंनी माफी मागितली तर वर्गावर वचक राहणार नाही.

आज सरकारचं म्हणणं काही वेगळं आहे का? कारण सांगितलं तर खबऱ्याचं नाव फुटेल, तपास बिघडेल, वचक राहणार नाही. खबऱ्याचं नाव खोडून कागद द्या ना! आणि तपास बिघडेल म्हणता, तर आधी कोण मागतंय? धाड झाल्यावर, वह्या तुमच्या ताब्यात आल्यावर द्या. आमच्या शाळेची तपासणी व्हायची तेव्हा साहेब जाताना शेरेबुकात दोष लिहून सही करायचे. मुख्याध्यापक ते वाचून खुलासा द्यायचे. साहेबांचा वचक त्यामुळे कधी कमी झालेला पाहिला नाही. उलट लिहावं लागतं म्हणून साहेबही जपून बोलायचे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. धाडीनंतर ठराविक मुदतीत लेखी कारणाची प्रत त्या माणसाला मिळावी. जबाब त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहावा, आणि आपल्याकडे ती भाषा मराठी आहे. झडती सुरू करण्याआधी त्याचे हक्क मोठ्यानं वाचून दाखवावेत. आणि काही निघालं नाही तर तसं लिहिलेला सहीशिक्क्याचा एक कागद द्यावा, जो त्याला बाजारात दाखवता येईल. यातलं काहीही दिल्यानं एकही करबुडवा सुटणार नाही.

उद्या सकाळी तलावावर आमचे बँकवाले पुन्हा तीच म्हण फेकतील. मी उत्तर तयार ठेवलंय. म्हण मान्य आहे. फक्त ती दोन्ही बाजूंना लावा. खात्यानं फाइलवर लिहिलेलं कारण खरं आहे ना? मग ते दाखवायला डर कशाला?